चेहऱ्याची हालचाल मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजता येते का, आणि डॉक्टरांना व दंतवैद्यांना तिचा खरोखर उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी चेहऱ्याची हालचाल मोजणारे ॲप करायचे ठरवले आहे, पण चेहऱ्यावरचे बिंदू शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ऱ्या (तयार आज्ञावल्या) आता फुकट मिळतात. मग या विषयात करण्यासारखे काही उरले आहे का, आणि अशा मोजणीचा रुग्णालयात कुणी उपयोग करते का? मी प्रतिमा-प्रक्रिया शिकवतो आणि फिजिओथेरपी व दंतवैद्यक शाखांतल्या सहकाऱ्यांबरोबर रुग्णांच्या चित्रफितींवर काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. उपयोग निश्चित आहे आणि कामही भरपूर उरले आहे. मात्र ज्यांच्यासाठी ही मोजणी हवी आहे त्यांच्या चेहऱ्यावर, म्हणजे आजाराने वाकड्या झालेल्या चेहऱ्यावर, ते फुकट मिळणारे बिंदू योग्य जागी पडतात का, हे पडताळण्याचे ते काम आहे.

सुरुवात वैद्यकापासून करतो. चेहऱ्यावरचे भाव दाखवणाऱ्या स्नायूंना हालचालीचा आदेश फेशियल नर्व्ह ही सातवी मस्तिष्क-चेता पोचवते. ती कवटीच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येते आणि तिथे तिला सूज आली की एका बाजूचा चेहरा अचानक ढिला पडतो. आपल्याकडे ज्याला ‘तोंडावरून वारे गेले’ म्हणतात, त्यातले पुष्कळ रुग्ण याच आजाराचे, म्हणजे बेल्स पाल्सीचे असतात. डेन्मार्कमधल्या पाइटरसन यांनी औषधोपचार न केलेल्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २००२ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांचा चेहरा पूर्ववत होतो. उरलेल्यांचे काय होते, हा या विषयाचा गाभा आहे. दुखावलेली चेता दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढते, पण वाढताना तिचे काही तंतू चुकीच्या स्नायूकडे जातात. मग ओठांना हलवण्यासाठी निघालेला आदेश डोळ्याभोवतीच्या स्नायूलाही मिळतो. याला सिन्कायनेसिस म्हणतात.

अशा रुग्णाची चित्रफीत एकेक चौकट थांबवून पाहिली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट दिसते. फिजिओथेरपिस्ट सांगते, “ओठांचा चंबू करा.” निरोगी बाजूला फक्त ओठ हलतात. दुखावलेल्या बाजूला ओठ पुढे येऊ लागताच खालची पापणी वर चढते, डोळ्याची फट बारीक होते आणि हनुवटीवर बारीक खळगे उमटतात. आता त्याच रुग्णाचे शांत बसलेले छायाचित्र पाहा: दुखावलेल्या बाजूची नाकाकडून ओठाकडे येणारी घडी उलट अधिक खोल दिसते, डोळा किंचित लहान दिसतो, आणि नवख्याला वाटते की दोष दुसऱ्याच बाजूला आहे. रुग्णाला घास चघळताना डोळा मिटण्याचा जो त्रास होतो, त्याचा या छायाचित्रात पत्ताही नसतो.

ही अवस्था आकड्यात मांडण्यासाठी डॉक्टर सहसा दोन मोजपट्ट्या वापरतात. १९८५ सालची हाउस-ब्रॅकमन श्रेणी चेहऱ्याचे ६ पायऱ्यांत वर्गीकरण करते. ती सोपी आहे, पण एका पायरीवरून दुसरीवर जाण्याएवढा फरक पडेपर्यंत रुग्णाची सुधारणा तिला दिसतच नाही. १९९६ साली टोरांटोच्या सनीब्रूक रुग्णालयातून आलेली पद्धत अधिक बारीक आहे. तीत कपाळाला आठ्या घालणे, डोळे अलगद मिटणे, तोंड उघडून हसणे, नाक वर खेचून दात विचकणे आणि ओठांचा चंबू करणे या ५ हालचालींना गुण देतात आणि त्यांतून विश्रांतीतली विषमता व सिन्कायनेसिस यांचे गुण वजा करतात. पूर्ण निरोगी चेहऱ्याला १०० गुण मिळतात. हे गुण माणूस नजरेने देतो, आणि म्हणूनच तुमच्यासारख्यांच्या कामाची इथे खरी गरज आहे. बेल्स पाल्सीत ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड सुरू करण्याचा लाभ ज्या स्कॉटलंडमधल्या चाचणीने पक्का केला (२००७, ५५१ रुग्ण, ९ महिन्यांनी पूर्ण बरे झालेले ९४.४ टक्के, औषध न घेतलेल्यांत ८१.६ टक्के), तिचाही निकाल ठरावीक मुद्रांची छायाचित्रे पाहून तज्ज्ञांनी दिलेल्या हाउस-ब्रॅकमन श्रेणीवर आधारलेला होता. एवढा मोठा फरक त्या ढोबळ पट्टीतूनही दिसला. व्यायामाच्या दोन पद्धतींमधला किंवा स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या दोन मात्रांमधला लहानसा फरक दिसण्यासाठी मात्र बारीक पट्टी हवी.

इथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. तोंड अचानक वाकडे झालेल्या माणसाला तुमच्या ॲपने घरीच निदान सांगू नये. कपाळाला दोन्ही बाजूंचा आदेश मेंदूच्या दोन्ही अर्धांतून येतो, त्यामुळे पक्षाघाताच्या झटक्यात बहुधा तोंड वाकडे होऊनही कपाळावर आठ्या पडतात, तर बेल्स पाल्सीत त्या बाजूचे कपाळही गुळगुळीत होते. परंतु या खुणेलाही अपवाद आहेत आणि झटक्याच्या उपचारात मिनिटे मोजली जातात. त्या माणसाने थेट रुग्णालय गाठावे.

आता प्रतिमा-प्रक्रिया. फुकट मिळणाऱ्या लायब्ऱ्यांतली, चेहऱ्यावर ६८ बिंदू मांडणारी एक प्रसिद्ध पद्धत काझेमी आणि सलिवन यांच्या २०१४ सालच्या निबंधावर आधारलेली आहे. ती अत्यंत वेगवान आहे, पण ती जे शिकली ते हजारो निरोगी चेहऱ्यांवरून शिकली. अशा पद्धतीच्या पोटात ‘चेहरा साधारण असा असतो’ ही समजूत असते, आणि जिथे प्रतिमेतला पुरावा धूसर असतो तिथे ती समजूत बिंदूंना आपल्याकडे ओढते. खाली ओघळलेला तोंडाचा कोपरा त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा वर दाखवला जातो. अर्धवट मिटलेल्या डोळ्याची पापणी पूर्ण मिटल्यासारखी आखली जाते. म्हणजे जो दोष मोजायचा तोच पुसट होतो, आणि आकडा मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो. डिएगो ग्वारिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली हे रुग्णांच्या छायाचित्रांवर दाखवून दिले: तयार प्रारूपाची चूक रुग्णांत निरोगी माणसांपेक्षा जास्त होती, आणि रुग्णांचीच छायाचित्रे देऊन पुन्हा शिकवल्यावर ती कमी झाली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या संस्थेने ६० जणांच्या छायाचित्रांचा व चित्रफितींचा एक प्रमाण संच संशोधकांसाठी तयार केला आहे. त्यात ढिल्या पडलेल्या चेहऱ्यांबरोबर सिन्कायनेसिसचे चेहरेही आहेत. तुमची सुरुवात तिथून व्हावी असे मला वाटते.

बिंदूंऐवजी प्रत्येक पिक्सेलची गती काढावी, हा दुसरा मार्ग. त्याची दोन मूळ गणिते, लुकास-कनाडे आणि हॉर्न-शुंक, दोन्ही १९८१ सालची. दोहोंचे गृहीतक असे की त्वचेचा एखादा ठिपका हलला तरी त्याची उजळता तीच राहते. गालाच्या बाबतीत हे गृहीतक लवकर मोडते. हसताना गाल वर चढतो, फुगतो, त्यावरची सावली बदलते, आणि गुळगुळीत त्वचेवर पकडायला काही खूणही नसते. परिणामी गणित सावलीच्या सरकण्यालाच त्वचेचे सरकणे समजते. म्हणून अनेक प्रयोगशाळा आजही चेहऱ्यावर प्रत्यक्ष ठिपके चिकटवतात. कपाळावरची टिकली अशा कामी येईल असे विद्यार्थ्यांना हमखास वाटते, पण भुवया आक्रसल्या की तिच्याखालची त्वचाही हलते, त्यामुळे स्थिर संदर्भ म्हणून ती चालत नाही. डोळ्यांचे आतले कोपरे आणि नाकाचे मूळ हे त्यातल्या त्यात स्थिर भाग आहेत. त्यांच्या आधारे आधी संपूर्ण डोक्याची हालचाल वजा करावी लागते, नाहीतर मान किंचित वळली तरी चेहरा वाकडा झाल्याचा आकडा येतो.

पिक्सेलचे मिलिमीटर करण्यासाठी बुबुळाच्या रंगीत वर्तुळाचा आडवा व्यास वापरतात, कारण प्रौढांमध्ये तो माणसागणिक फारसा बदलत नाही आणि सुमारे ११.७ मिलिमीटर असतो. ही युक्ती सुंदर आहे, पण तिची किंमत ओळखून वापरावी. तुमच्या चित्रात बुबुळ ४० पिक्सेलचे असेल तर १ पिक्सेल म्हणजे जवळजवळ ०.३ मिलिमीटर, आणि बुबुळाची कड ओळखण्यात १ पिक्सेलची चूक झाली तर पुढची प्रत्येक लांबी अडीच टक्क्यांनी चुकते. वेगाचेही तसेच. पापणी खाली येण्याची क्रिया साधारण ०.१ सेकंदात उरकते. सेकंदाला ३० चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्याला त्यातल्या जेमतेम ३ मिळतात. त्यासाठी फोनमधली २४० चौकटींची सोय वापरायला जावे तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते, आणि चित्रफितीत सगळा चेहराच लुकलुकतो. खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दंतवैद्यकाचा या विषयाशी संबंध फक्त सुंदर हसण्यापुरता आहे, असा समज आढळतो आणि तो मला खटकतो. संपूर्ण कवळी बसवताना समोरचे दात किती खाली आणायचे हे ओठ ठरवतात, आणि ओठ बोलताना, हसताना, विसावताना वेगवेगळ्या जागी असतात. म्हणून दंतवैद्य मेणात बसवलेले दात तोंडात ठेवून रुग्णाला बोलायला लावतो. मराठी रुग्णाला एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोजायला सांगितले की ‘स’ पुन्हा पुन्हा येतो आणि वरच्या-खालच्या दातांत किती फट राहते ते ऐकूही येते आणि दिसतेही. विग आणि ब्रुंडो यांनी १९७८ साली मोजले तेव्हा ओठ किंचित विलग असताना तिशीच्या आतल्यांचे वरचे मधले दात सरासरी सुमारे ३.४ मिलिमीटर दिसत होते, आणि साठीपुढच्यांचे जवळजवळ मुळीच दिसत नव्हते. सत्तरीतल्या माणसाला पंचविशीतल्या छायाचित्रासारखे दात बसवले तर ते खोटे का वाटतात, याचे बरेचसे कारण या आकड्यांत आहे. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया झालेल्यांवर कॅरल-ॲन ट्रॉटमन यांनी चेहऱ्यावर ठिपके लावून त्रिमितीय मोजणी केली, तेव्हाही असे दिसले की विश्रांतीत बऱ्यापैकी सरळ दिसणारा ओठ हसताना मात्र मोकळेपणाने ताणला जात नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करावी की नाही, हा निर्णय त्यामुळे नुसत्या छायाचित्रावर घेता येत नाही.

जबड्याची हालचाल हा त्याहून वेगळा प्रश्न आहे आणि इथे कॅमेऱ्याची मर्यादा मान्य करावी. स्वीडनचे उल्फ पॉसेल्ट यांनी १९५२ साली खालच्या दातांच्या टोकाचा संपूर्ण प्रवास रेखाटून दाखवला. जबडा बिजागरीसारखा नुसता फिरत नाही. फिरता फिरता त्याची कानाजवळची टोके पुढे घसरतात. हनुवटीच्या त्वचेवर ठिपका लावून हा प्रवास मोजायला गेलो तर त्वचा हाडावरून सरकते आणि काही मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणून अचूक कामासाठी खूण दातांनाच जोडावी लागते. महाराष्ट्रात गुटखा-सुपारीमुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसचे, म्हणजे तोंडाचे आतले अस्तर ताठर होऊन तोंड कमी उघडण्याच्या आजाराचे, रुग्ण दंत महाविद्यालयांत नेहमी येतात. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी रुग्ण येतच आहेत. त्यांचे तोंड किती उघडते हे दातांच्या कडांमध्ये व्हर्नियर कॅलिपर धरून मोजतात. ती पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे; मोबाइलने तिची जागा घेण्याचा हट्ट धरू नये. मात्र गावी परतलेल्या रुग्णाने तोंड उघडण्याचा व्यायाम चालू ठेवला आहे का, हे दूर बसून पाहण्यासाठी दातांच्या कडा दिसतील अशी चित्रफीत नक्कीच कामाची आहे.

रुग्णांच्या चित्रफितींना हात लावण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी वाचावी लागतील, आणि २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याचेही भान ठेवावे लागेल. क्ष-किरण चित्रावरचे नाव पुसता येते; चेहऱ्यावरून चेहरा पुसता येत नाही, आणि डोळ्यांवर काळी पट्टी लावली तर पापणीची सगळी माहितीच जाते. त्यामुळे चित्रफीत फोनबाहेर न जाऊ देता फक्त बिंदूंचे आकडे साठवायचे, ही रचना पहिल्या दिवसापासून ठेवा. संमतिपत्र मराठीत असावे आणि त्यात चेहरा ओळखू येईल हे स्पष्ट लिहिलेले असावे.

प्रकल्पापुरते म्हणाल तर पाचही हालचालींच्या मागे न लागता हसणे ही एकच निवडा. काही चौकटींवर तोंडाचे दोन्ही कोपरे दोघांनी, एकमेकांचे न पाहता, हाताने खुणावून ठेवा आणि संगणकाने दिलेल्या जागा त्यांच्याशी ताडून पाहा. ही तुलना सहसंबंधाच्या गुणकाने करू नका, ब्लँड आणि अल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली सुचवलेल्या फरकांच्या आलेखाने करा, कारण दोन पट्ट्या एकमेकींशी सुसंगत असूनही एक सतत जास्त दाखवत असू शकते. त्यानंतर निरोगी मित्रांचे हसणे दोन वेगळ्या दिवशी टिपा. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्याचा प्रवास एका दिवसाहून दुसऱ्या दिवशी २ मिलिमीटरने बदलत असेल, तर रुग्णातला १ मिलिमीटरचा फरक सुधारणा म्हणून दाखवता येणार नाही. हा आकडा अहवालात अगदी सुरुवातीला लिहा. ॲप दाखवायला गेलात की फिजिओथेरपिस्ट सर्वांत आधी तोच विचारेल.