पातळ सोलचा देखणा बूट

प्रश्न : मी बोरिवलीला राहते, नोकरी चर्चगेटला. जुन्या धाटणीचे, हिरव्या स्वेडचे स्नीकर मनात भरलेत. पण दुकानात घालून पाहिले तर सोल अगदीच पातळ लागला. लोकलमध्ये बहुतेक वेळा उभीच असते, टाच अधूनमधून दुखते. घेऊ का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, दादरच्या एका दुकानात 22 वर्षं गिऱ्हाइकांच्या पायांशी बसलोय, म्हणून सांगतो. सोल पातळ आहे म्हणूनच तो बूट तसा दिसतो. याच धाटणीचा आदिदासचा गॅझेल 1966 चा. तेव्हा खेळाडूंचे बूट असेच सपाट असत. त्यांचाच सांबा नावाचा बूट तर गोठलेल्या मैदानावर फुटबॉल खेळताना पाय घसरू नये म्हणून काढलेला. बोरिवलीची लोकल कुणाच्या हिशेबात नव्हती!

आता स्वेड. म्हणजे चामड्याची आतली बाजू, घासून लव उभी केलेली. दिसते मखमल, पाणी पिते टिपकागदासारखं. जुलैत एकदा चिंब भिजला की वाळल्यावर कडक होतो, रंग मोज्यांना लागतो, कपाटात बुरशी धरते. त्यापेक्षा तोच घाट गुळगुळीत चामड्यात बघा, फडक्याने पुसला की झालं. कॅनव्हास लवकर वाळतो, पण वास... असो.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभराने पाय जरा फुगलेले असतात आणि हे बूट चवड्याशी अरुंद. आतली गादी निघते का बघा. निघत असेल तर जाडशी गादी घालता येईल, पण तिने टाच वर येऊन बूट निसटतो. म्हणून गादी सोबत नेऊनच घालून बघा. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकतानाच कळ येत असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग बूट.

घेतलात तर खोक्यात जपून ठेवू नका. मी एक जोड लग्नाकार्यासाठी म्हणून चार वर्षं ठेवला, आणि दादरच्या पुलावर सोलचा भुगा झाला. वऱ्हाडासोबत अनवाणी गेलो. सोलमधला पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, फेस आपल्या दमट हवेत नुसता पडून विरतो. साधं रबर त्यामानाने टिकतं.

तेव्हा रोजच्या लोकलला जाड सोलचा बूट, हा शनिवार-रविवारी. रंग हिरवाच ठेवा. पांढऱ्यावर पहिल्याच दिवशी अंधेरीला कुणाचा तरी पाय पडतो.