एकाच चुकीला कधी लाल कार्ड, कधी काहीच नाही. इंग्लिश फुटबॉलमधले रेफरी पक्षपाती असतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की प्रीमियर लीगमध्ये सारख्याच चुकीला एक जण बाहेर जातो आणि दुसरा हसत खेळत राहतो, तर मोठ्या क्लबांना झुकतं माप मिळतं का. माझं मत विचाराल तर घोळ रेफरींच्या मनात कमी आणि कार्यपद्धतीत जास्त आहे. चूक केवढी होती यापेक्षा ती कोणी पाहिली, कधी पाहिली, यावरच पुष्कळदा शिक्षा ठरते.

चावण्याचं उदाहरण घ्या. (हो, चावण्याचंच.) ऑक्टोबर २००६ मध्ये टॉटनहॅमच्या जर्मेन डीफोने वेस्ट हॅमच्या माशेरानोच्या दंडाला चावा घेतला. रेफरी स्टीव्ह बेनेट यांनी तिथल्या तिथे पिवळं कार्ड दाखवलं आणि विषय मिटला. रेफरीने पाहून निकाल दिला असेल तर एफएने (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने) त्यात पुन्हा हात घालायचा नाही, असा तेव्हाचा दंडक. पुढे एप्रिल २०१३ मध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझने चेल्सीच्या इव्हानोविचचा दंड चावला. रेफरी केव्हिन फ्रेंड यांना ते दिसलंच नाही. सुआरेझ मैदानावर राहिला, वर भरपाईच्या वेळेत बरोबरीचा गोलही मारला. पण रेफरीला दिसलं नव्हतं म्हणूनच एफएचे हात मोकळे राहिले, आणि बंदी बसली १० सामन्यांची. सुआरेझ आधी हॉलंडमध्येही चावला होता, हे मान्य. तरी एक पिवळं कार्ड कुठे आणि १० सामने कुठे!

त्याच्या पाचच आठवडे आधी विगनच्या कॅलम मॅकमॅनमनने न्यूकॅसलच्या हैदाराच्या गुडघ्यात बूट घातला. हैदारा स्ट्रेचरवरून बाहेर गेला. रेफरी मार्क हॅल्सी यांना नीट दिसलं नव्हतं, पण सामन्याच्या पंचांपैकी एकाने दोघांची टक्कर तेवढी पाहिली होती. झालं, प्रकरण ‘पाहिलेलं’ ठरलं. कार्ड नाही, बंदीही नाही. एवढी ओरड झाली की त्याच वर्षी एफएला दंडक थोडा सैल करावा लागला.

व्हीएआर (व्हिडिओ पाहून मैदानावरच्या रेफरीला मदत करणारा पंच) आल्यावर हे संपेल असं वाटलं होतं. ३१ ऑगस्ट २०२४, आर्सेनल विरुद्ध ब्रायटन. ब्रायटनची फ्री किक होती. पाठमोऱ्या असलेल्या आर्सेनलच्या डेक्लन राइसच्या पायाला चेंडू लागला, त्याने तो बुटाने किंचित पुढे सरकवला आणि फ्री किक घ्यायला आलेल्या फेल्टमनची लाथ थेट राइसच्या पायावर बसली. रेफरी ख्रिस कॅव्हना यांनी खेळ लांबवल्याबद्दल राइसलाच दुसरं पिवळं दाखवलं, म्हणजे तो मैदानाबाहेर. पूर्वार्धात ब्रायटनच्या झुआंव पेद्रोने बाहेर गेलेला चेंडू चांगला लांब उडवला होता, त्याला काहीच नाही. राइस गेल्यावर बरोबरीचा गोल मारणारा हाच पेद्रो! नियमावर बोट ठेवलं तर राइसचं कार्ड चूक नव्हतं, पेद्रोला सोडणं चूक होतं. पण दुसरं पिवळं कार्ड तेव्हा व्हीएआरच्या कक्षेत येत नव्हतं आणि त्यावर अपीलही चालत नव्हतं. उलट जानेवारी २०२५ मध्ये त्याच आर्सेनलच्या लुईस-स्केलीला वुल्व्ह्जविरुद्ध थेट लाल मिळालं, तर अपिलात ते रद्द झालं. म्हणजे तेव्हा थेट लाल मिळालं तर दाद मागता येत होती, दोन पिवळी मिळाली तर निमूट घरी जावं लागत होतं.

सप्टेंबर २०२३ मधला लुईस डियाझचा गोल तर कहर होता. टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूलच्या डियाझने गोल मारला, पण सहायक रेफरीने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआरवरच्या डॅरेन इंग्लंड यांना तपासणीत डियाझ ऑनसाइड दिसला, पण मैदानावर गोल दिलाच आहे असा त्यांचा समज झाला, म्हणून ते ‘चेक कम्प्लीट’ म्हणून मोकळे झाले आणि गोल नाकारलेलाच राहिला. काही सेकंदांत चूक लक्षात आली. तोवर खेळ सुरू झाला होता, आणि सुरू झालेला खेळ मागे नेता येत नाही. लिव्हरपूल १-२ हरलं.

क्लबांच्या शिक्षेचंही तेच. दिवाळखोरीत गेलात तर ९ गुण कापायचे, हे प्रीमियर लीगच्या नियमात लिहिलेलं होतं. क्लबने किती तोटा करायचा याची लीगने घातलेली मर्यादा ओलांडली तर किती गुण कापायचे, याचा तक्ताच नव्हता. एव्हर्टनने १९.५ दशलक्ष पाउंडांनी मर्यादा ओलांडली, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये १० गुण गेले आणि अपिलात त्याचे ६ झाले. नॉटिंगहॅम फॉरेस्टने ३४.५ दशलक्षांनी ओलांडली, त्यांचे ४ गेले, कारण त्यांनी चौकशीत सहकार्य केलं.

पक्षपात मुळीच नाही असं मी म्हणत नाही. लिव्हरपूलचा माजी प्रशिक्षक क्लॉप याला शिव्या देतानाचा व्हिडिओ बाहेर आल्यावर डेव्हिड कूट या रेफरीला २०२४ च्या डिसेंबरात कामावरून काढलं, तेव्हा लिव्हरपूलच्या चाहत्यांना जुने सगळे निकाल आठवले आणि त्यात त्यांची चूक नव्हती. पण मोठ्यांना झुकतं माप म्हणाल, तर वरच्या यादीत राइसच्या वेळी आर्सेनलचं आणि डियाझच्या वेळी लिव्हरपूलचं, म्हणजे मोठ्यांचंच नुकसान झालंय.