टेम्पोत माल लावताना

भावा, वाशी मार्केटचा माल दादरला न्यायचं काम धरलंयस, तर आधी हौद्याकडे लक्ष दे. गाडी ताशी ५० किलोमीटरने पळते तेव्हा आतली प्रत्येक गोणीही ५० नेच पळत असते. ब्रेक चाकांना लागतो, गोणीला नाही. काहीतरी अडवेपर्यंत ती पुढेच जाणार. शाळेतलं जडत्व ते हेच.

म्हणून पहिला थर केबिनच्या पाठीला अगदी टेकवून लाव. चार बोटांचीही फट नको. तेवढ्या फटीत गाडी मंदावते, माल मंदावत नाही, आणि मग दणका बसतो. जड माल खाली, दोरखंड आडवा-उभा दोन्हीकडून. फाळका दोनदा तपास, कारण गाडी सुटताना माल मागे राहू बघतो.

वळणावर माल बाहेर फेकला गेल्यासारखा वाटतो. खरं तर तो सरळच निघालेला असतो, गाडी त्याच्याखालून वळते. तेव्हा वेग वळणाआधी कमी कर, वळणात नव्हे. अर्धवट भरलेलं तेलाचं पिंप तर मला मुळीच आवडत नाही. आतलं तेल हेलकावे खातं आणि गाडीचा तोल घेऊन जातं.

आणि केबिनमध्ये पाण्याची बाटली पायाशी ठेवू नकोस, हात जोडून सांगतो. ब्रेक मारला की ती घरंगळत पेडलखाली जाते, आणि पुढचा ब्रेक दाबलाच जात नाही. दाराच्या खणात ठेव. पट्टा तू लाव, क्लीनरलाही लावायला लाव. वेग दुप्पट केलास तर ब्रेकचं अंतर साधारण चौपट होतं, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.