आधी गोळी, मग कुलूप

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक, मोजकंच बोलतो. मेलबर्नमध्ये एका ग्रुप होममध्ये, म्हणजे अपंग व्यक्ती कर्मचाऱ्यांच्या मदतीने राहतात अशा घरात, राहतो. उन्हाळ्यात आरडाओरडा फार वाढला म्हणून डॉक्टरांनी रिस्पेरिडोन सुरू केलं. त्यानंतर तो रात्री उठून सापडेल ते खायला लागला, म्हणून आता फ्रीजला कुलूप लावतात. तिथली माणसं प्रेमळ आहेत. तक्रार केली तर राग मुलावर निघेल अशी भीती वाटते. सांगलीहून सासूबाई म्हणतात, ‘आपणही घरी कडी लावायचोच की!’ काय करू?
– एक आई, मेलबर्न

उत्तर : ताई, तुम्ही घटना ज्या क्रमाने लिहिल्यात, त्यातच बरंच काही आहे. रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढतं, हा त्या औषधाचा चांगला माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तेव्हा पोरगा हावरट झालाय असं कोणी म्हणालं, तर आधी डॉक्टरांची वेळ घ्या. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरं विचारायचं ते जेवणाचं. वर्तनाचे आराखडे लिहिण्याच्या कामानिमित्त मी बऱ्याच ग्रुप होममध्ये जाते. पुष्कळ ठिकाणी साडेपाचलाच ताट वाढतात, कारण कर्मचाऱ्यांची पाळी बदलायची असते. घरी साडेआठला वरणभात जेवलेल्या मुलाला रात्री अकराला भूक लागली तर नवल काय? नऊ वाजता दहीभात आणि उघड्या कपाटात त्याचा स्वतःचा एक डबा, इतकं आधी करून पाहिलंय का, ते विचारा.

आता कायद्याचं. एनडीआयएस म्हणजे ऑस्ट्रेलियाची अपंगांसाठीची सरकारी विमा योजना. तिच्या २०१८ च्या नियमांत पाच प्रकारची बंधनं येतात : एकट्याला कोंडणं, औषधाने आवरणं, पट्ट्यासारख्या साधनाने जखडणं, हाताने धरून ठेवणं आणि वस्तू किंवा जागा बंद करणं. फ्रीजचं कुलूप शेवटच्यात मोडतं. गोळी निदान झालेल्या आजारावर असेल तर ती बंधन नाही. केवळ वर्तन आवरायला असेल तर आहे. कशासाठी लिहून दिलीय, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या.

कुलूप लावूच नये असं नियम म्हणत नाहीत. पण तो शेवटचा उपाय हवा, कमीत कमी काळ हवा, बिहेविअर सपोर्ट प्लॅनमध्ये, म्हणजे वर्तनाच्या आराखड्यात, लिहिलेला हवा आणि त्याला राज्याच्या नियमांप्रमाणे मंजुरी हवी. तात्पुरता प्लॅन महिन्याभरात, सविस्तर प्लॅन सहा महिन्यांत तयार व्हायला हवा. बंधन वापरलं की संस्थेने दर महिन्याला एनडीआयएस कमिशनला, म्हणजे या सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवायचं असतं. मंजुरीशिवाय वापरलं तर तीही कळवण्याजोगी घटना ठरते.

माझं मत विचाराल तर कळवण्याची यंत्रणा चोख झाली, कुलपं मात्र तेवढ्या वेगाने निघत नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरात रॉयल कमिशनने, म्हणजे अपंगांच्या छळाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने, २२२ शिफारशी केल्या. बंधनं घटवण्याची ठरावीक उद्दिष्टं ठेवा, असंही त्यांत आहे. प्लॅन हातात आला की मी आधी एवढंच शोधते : कुलूप काढायचं कधी आणि कसं? बऱ्याचदा तिथे ‘पुढील आढाव्यात’ एवढंच असतं. तुम्ही तेवढ्यावर मान डोलावू नका. घरात आणखी कोणी राहत असेल तर त्यांचं दूधही त्याच कुलपात अडकलंय, हेही मांडा.

सासूबाईंना सांगा, हे नियम पैसे घेऊन सेवा देणाऱ्या संस्थांसाठी आहेत, घरच्या कडीसाठी नाहीत. आणि भारतातही २०१७ च्या कायद्याने मानसिक रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहेच.

रागाची भीती रास्त आहे. म्हणून सुरुवात तक्रारीने नको, माहिती मागण्याने करा : प्लॅनची प्रत, मंजुरीची तारीख, कुलूप काढण्याचे टप्पे. उत्तर टाळलं तर एनडीआयएस कमिशनकडे नाव न देताही तक्रार करता येते. आणि हे सगळं ईमेलवर विचारा. दारात उभ्याउभ्या विचारलेलं पाळी बदलली की कोणाला आठवत नाही.