मे महिनाभर कोकणातल्या घरी राहणं प्रत्यक्षात कसं असतं?

तुम्ही विचारलंय की आजोबांचं घर रत्नागिरीकडे आहे, दोन लहान मुलांना घेऊन अख्खा मे तिथे काढायचा मनात आहे, पण जो तो उकाड्याची भीती घालतोय. मी पावस-पूर्णगडच्या पट्ट्यात राहते. लग्न होऊन या घरात आले त्याला 26 वर्षं झाली आणि तेवढे सगळे मे महिने इथेच गेले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उकाडा आहेच. फक्त तो आकड्यात दिसत नाही. विदर्भासारखे 45 अंश आमच्याकडे नसतात, मे महिन्यात पारा साधारण 33-34 च्या आसपास असतो. त्रास असतो तो दमटपणाचा. घाम येतो आणि वाळतच नाही. आंघोळ करून केस पुसेपर्यंत पाठ पुन्हा ओली. मुलांना पहिल्या आठवड्यात घामोळं उठणार हे धरूनच चला. सैल सुती कपडे घाला आणि दिवसातून दोनदा साध्या पाण्याने आंघोळ घाला, एवढ्याने बरंच निभतं. मला विचाराल तर मार्च जास्त वाईट. तेव्हा जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्रावरचा वारा दुपार उलटली तरी आत शिरत नाही आणि एखाद्या दिवशी पारा थेट 38-39 ला जातो. मेमध्ये तसं होत नाही. सकाळी दहा-अकरापर्यंत पान हलत नाही, मग खारा वारा सुटतो आणि माडांची सळसळ सुरू झाली की घरातलं प्रत्येक माणूस हातातलं काम ठेवून दोन मिनिटं पडवीत येऊन उभं राहतं. रात्री मात्र वारा पडतो. दहा ते बारा ही वेळ सगळ्यात कठीण.

घर जुनं, चिऱ्याचं आणि कौलारू असेल तर माजघरात दुपारीही गारवा असतो. मागाहून कुणी स्लॅबची खोली वाढवली असेल तर तिथे मुलांना झोपवू नका, ती खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. आमच्याकडे अशी एक खोली आहे. मे महिन्यात तिथे कांदे-बटाटेसुद्धा ठेवत नाही.

आणि अंगणात मांडव नसेल तर आधी कुणाला तरी सांगून घालून घ्या. पोफळीचे खांब, वर बांबू आणि त्यावर झावळ्यांची विणलेली झापं. पत्र्याच्या शेडखाली जो ताव लागतो तो झापांखाली लागत नाही. वारा झापांतून गाळून येतो. आमचं सगळं या मांडवाखाली चालतं: सकाळचा चहा, पोरांचे पत्ते, दुपारची निवडणं-टिपणं, रात्रीचं झोपणं. खाली अंगण चोपून शेणाने सारवलेलं असतं, त्यावर चटई टाकली की खालून थंडावा येतो.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. बाहेरची माणसं कोकणात मे महिन्यात आराम करायला येतात, पण इथल्या घरात वर्षातली सगळ्यात मोठी घाई याच महिन्यात असते. आंबा, फणस, काजू, रातांबे म्हणजे कोकमाची फळं, करवंदं, जांभळं सगळं एकदम पिकतं आणि समोर पावसाची तारीख असते. जे काय वाळवायचं, साठवायचं, शाकारायचं ते त्याच्या आत. म्हणून ज्या उन्हाला आपण दिवसभर वैतागतो, त्याच उन्हाचे दिवस आम्ही बोटांवर मोजत असतो. आभाळ भरून आलं तर तुम्हाला बरं वाटेल. माझ्या पोटात गोळा येतो.

रातांब्यांचंच सांगते. एप्रिल सरताना झाडावर फळं लाल व्हायला लागतात. पाडून आणली, धुतली की पडवीत परात घेऊन आम्ही तिघी-चौघी बसतो. सुरीने मधोमध कापायचं, आतला गर बियांसकट एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. गरात मीठ घालायचं, त्याचा जो गडद लाल रस सुटतो तो आगळ. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं चालत नाही, आंबट रस त्याला लागतो. सालं दिवसभर उन्हात घालायची, संध्याकाळी आगळात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. अशी चार-पाच पुटं झाली की साल लाल होती ती काळसर होते, जाड होते आणि हाताला किंचित चिकट लागते. सासूबाई एक आमसूल उचलून दोन बोटांत वाकवून बघतात. वाकलं पाहिजे. मोडलं तर ऊन जास्त झालं आणि चुरगळलं तर अजून एक दिवस हवा. त्या काहीच न बोलता ते परत सुपात टाकतात, त्यावरून आम्हाला कळतं. नखांच्या कडा पंधरा दिवस जांभळ्या राहतात. दुपारी त्याच आगळात नारळाचं दूध, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची घालून सोलकढी होते आणि ती पिऊन मुलं पडवीत आडवी होतात, तो तासभर मला वर्षभर पुरतो.

2025 साली काय झालं ते आठवत असेल. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस लागला तो उघडेचना. एरवी जूनचा पहिला आठवडा उजाडतो, त्या वर्षी मान्सून 25 मेलाच तळकोकणात आला. माझ्या सालांची दोनच पुटं झाली होती. घरात पंख्याखाली पसरली, चुलीशेजारी टांगली, काही उपयोग झाला नाही. चौथ्या दिवशी पांढरी बुरशी आली. सगळी माडाच्या आळ्यात टाकली. टाकताना सासूबाई आत निघून गेल्या. आमसूल बाजारात मिळतं, प्रश्न पैशाचा नव्हता. त्यांच्या आठवणीत घरचं आमसूल नसलेलं ते पहिलं वर्ष.

आंब्याबद्दल तुम्हाला सगळं माहीतच असेल असं धरत नाही, कारण शहरात आंबा पेटीतून कळतो. पहिली फळं मार्चमध्ये निघतात, ती बाजारात जातात, त्यांनाच दर असतो. घरात पोटभर मिळतो तो मेचा आंबा. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढायचा, आपटू द्यायचा नाही, आणि चीक निथळून गेल्यावर माळ्यावर किंवा कोपऱ्यातल्या खोलीत गवतात अढी घालायची. आठ-दहा दिवसांत वास घरभर फिरतो. मुलांना हे काम जरूर द्या: रोज अढी उघडायची आणि पिवळे झालेले बाजूला काढायचे. सहा वर्षांच्या भाचीला आम्ही ते दिलं होतं, ती दाबून न बघता नुसत्या वासावर फळ निवडायला शिकली. शेवटी शेवटी साका निघतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. बाहेरून सोन्यासारखं फळ आणि कापलं की बाठ्याजवळ पांढरट, पोचट. तो विकणाऱ्याचा दोष नसतो. जमीन तापलेली असते, फळ झाडावर जास्त दिवस राहिलेलं असतं, हापूसला ते सोसत नाही.

पण खरी मजा रायवळीची, म्हणजे बिनकलमी गावठी आंब्याची. प्रत्येक झाडाची चव निराळी आणि प्रत्येक झाडाला घरात नाव असतं. आमच्याकडे एक शेपू आहे, रसाला शेपवाचा वास म्हणून. पहाटे वारा सुटला की टपटप पडतात आणि पोरं बॅटरी घेऊन धावतात. तुमच्या घराच्या आसपास अशी झाडं असतील तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना नावं विचारून ठेवा, ती कुठे लिहिलेली नसतात. फक्त देठाचा चीक ओठांना लागला की साल निघते, म्हणून आधी धुऊन, देठाकडचा थोडा चीक पिळून मगच चोखायला द्या. काजूचा चीक त्याहून वाईट. बी सोलताना मुलांना जवळ बसवू नका आणि तुम्ही स्वतः हाताला खोबरेल चोपडल्याशिवाय बसू नका.

आता पाण्याचं. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. इथला जांभा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. उतारही तीव्र, पडलेलं सगळं चार महिन्यांत समुद्राला मिळतं. मग मेमध्ये पंप दहा मिनिटं चालवायचा आणि झरा भरायची तीन-चार तास वाट बघायची. किनाऱ्याजवळच्या विहिरी तर मचूळ होतात. गेल्या वर्षी आम्ही टँकर सांगितला होता, तो ठरल्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि घरात पाहुणे धरून अकरा माणसं. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या विहिरीवरून चार कळशा भरू दिल्या. त्यांच्याकडेही कमीच होतं, म्हणून ते मी विसरणार नाही. तुम्ही शॉवर, वॉशिंग मशीन विसरून या. बादलीने आंघोळ करा आणि मोरीचं पाणी केळीकडे जाईल असं बघा. मुलं आठवड्यात शिकतात. माझा अनुभव असा की मोठ्यांनाच वेळ लागतो.

वीज जाते. वळवाचा एक सोसाटा आला आणि झावळी तारांवर पडली की कधी दोन तास, कधी रात्रभर. इन्व्हर्टर असेल तर उत्तम, नसेल तर चार्जिंगचे दोन दिवे आणि हातपंखे. अशा रात्री आम्ही सगळे मांडवाखाली असतो, नणंद माहेरपणाला आलेली असते, तिची मुलं, आमची मुलं, भेंड्या रंगतात. त्या रात्री उकाडा कमी नसतो, पण कुणी तक्रार करत नाही.

एक गोष्ट मात्र अगदी मनावर घ्या. फुरसं. हा विषारी साप. जांभ्याच्या सड्यावर म्हणजे उघड्या कातळावर, दगडांच्या गडग्यात म्हणजे रचलेल्या कुंपणात, पालापाचोळ्यात असतं, छोटं आणि मातीच्याच रंगाचं, दिसत नाही. अंधारात अनवाणी अंगणातसुद्धा उतरायचं नाही, चप्पल झटकून घालायची, गडग्यातले दगड मुलांना काढू द्यायचे नाहीत. जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा. काही झालं तर घरगुती उपायात एक मिनिटही घालवू नका. सड्यावर काडी टाकू नका हेही सांगून ठेवते. सुकलेल्या गवताला लागलेला वणवा एका दुपारीत पंधरा-वीस वर्षांची कलमं जाळून जातो. आमच्या दिरांची अशी गेली आहेत.

कधी यावं? रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मेची तिकिटं बघता बघता संपतात, कारण सगळे चाकरमानी त्याच महिन्यात निघतात. मिळालं तर 1 ते 5 मेच्या दरम्यान या, रातांबे आणि आंबा दोन्ही सापडतील. शेवटचा आठवडा मात्र सांभाळून. तौक्ते वादळ 2021 मध्ये मेच्या मध्यालाच आमच्या किनाऱ्यावरून गेलं, निसर्ग 2020 मध्ये 3 जूनला आलं आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या माड-पोफळी आडव्या झाल्या. हवामान खात्याचा इशारा रोज बघा. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा ताजी मासळी खायची ती त्याआधी. मेच्या मध्यापासून आठवडी बाजारात सुकट, सोडे, बोंबील घ्यायला बायकांची झुंबड उडते, तिथे मुलांना घेऊन जा. वासाने नाक धरतील, पण बघण्यासारखं असतं.

25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि मग मांडव उतरवायचा, कौलं परतून घ्यायची, लाकडं पडवीत रचायची. वानरांनी कौलं फोडलेली असतात, ती याच वेळी बदलतात. जमलं तर तोपर्यंत थांबा. वर चढलेल्याला खालून झाप झेलून देणारं माणूस कमीच पडतं, आणि मांडव निघाल्यावर अंगणात जो एकदम उजेड येतो तो मुलांना बघू दे.

घर वर्षभर बंद असणार, तर यायच्या आठवडाभर आधी कुणाला तरी सांगून विहीर उपसून गाळ काढून घ्या. पाणी खाली असतं तेव्हाच ते नीट होतं. माळा झाडून घ्या, विंचू निघतात. आणि येताना काचेच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या आणा. कुणी ना कुणी तुम्हाला आगळ देणारच. झाकणं प्लॅस्टिकची असलेल्याच आणा, पत्र्याचं झाकण दोन महिन्यांत गंजून आगळात उतरतं.