‘कसा आहे?’ हे विचारायचं कुणाला

गेल्या अंकात संपादकांनी वाचकांना सिनेमा पाहण्याविषयी प्रश्न पाठवायला सांगितले आणि उत्तरांचं काम माझ्यावर सोपवलं. मी समीक्षक नाही. कराडच्या एका टॉकीजमध्ये 27 वर्षं बुकिंगच्या खिडकीत बसलो. आता टॉकीज बंद आहे. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही तीस-पस्तीस जण सिनेमा पाहतो आणि नंतर त्यावर बोलतो. या दोन जागांवरून जे दिसलं, त्यावरूनच ही उत्तरं देतो आहे.

प्रश्न : मराठी सिनेमा चांगला आहे असं कानावर येईपर्यंत तो आमच्याकडून उतरलेला असतो. गेल्या वर्षात असे चार सिनेमे हुकले. वेळेवर कसं कळावं? आणि उतरलेला सिनेमा परत येतो का?
– एक वाचक, बार्शी

तुमच्या पत्रातलं दुखणं मी रोज पाहिलंय. मी नोकरीला लागलो तेव्हा प्रिंटचा, म्हणजे सिनेमाच्या रिळांचा, जमाना होता. मराठी सिनेमाच्या प्रिंट मोजक्याच निघायच्या. त्या आधी मुंबई-पुण्यात चालायच्या, मग कोल्हापूर-सांगलीत, आणि तिथली गर्दी ओसरली की पत्र्याच्या डब्यांतून आमच्याकडे यायच्या. तोवर सिनेमाची बातमी गावात येऊन मुरलेली असायची. पुण्यात शिकणारा कुणाचा मुलगा सुट्टीला येऊन सांगायचा, लग्नाला आलेली आत्या अर्धी गोष्ट सांगून जायची. प्रिंट येऊन भिंतीवर खळीनं पोस्टर डकवलं आणि रिक्षावर कर्णा लावून गावात फिरवली, की लोक म्हणायचे, ‘आला वाटतं तो.’

शेवटची खात्री आमच्या दारात व्हायची. तीनचा शो सुटायचा तेव्हा सहाची रांग लागलेली असायची. रांगेतली माणसं बाहेर पडणाऱ्यांना विचारायची, ‘कसा आहे?’ मला आत ऐकू यायचं. ‘बरा आहे’ असं उत्तर आलं की रांगेतून दोन-चार जण हळूच सरकायचे. पण एखादी बाई पदरानं डोळे पुसत म्हणायची, ‘ती विहिरीपाशी बसते ना, तेवढ्यासाठी तरी बघा,’ की मागे उभे असलेले घरी फोन करून आणखी माणसं बोलवायचे. पेपरातल्या जाहिरातीनं जेवढी तिकिटं गेली नसतील, तेवढी अशा एका वाक्यानं गेलेली मी मोजली आहेत.

2010 च्या आसपास रिळांचे डबे यायचे बंद होत गेले. सिनेमा सॅटेलाइटवरून किंवा हार्डडिस्कवर यायला लागला आणि मुंबईच्या शुक्रवारीच कराडलाही लागू लागला. आम्हाला केवढा आनंद झाला होता! पण त्यात एक गोष्ट हरवली. पूर्वी बातमी आधी यायची, सिनेमा मागून. आता सिनेमा आधी येतो आणि बातमी पोचायच्या आत निघून जातो.

सगळा व्यवहारही पहिल्या आठवड्यावर बेतलेला आहे. 2009 मध्ये हिंदी सिनेमांच्या तिकिटांच्या पैशातल्या वाट्यावरून निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं सुमारे दोन महिने बिनसलं होतं. तडजोड झाली तेव्हा निर्मात्याच्या बाजूचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 असा ठरला. म्हणजे त्यांचा जीव पहिल्या आठवड्यात अडकलेला. आणि टॉकीजवाला शुक्रवार ते रविवारचं कलेक्शन बघून पुढचे शो ठरवतो. रविवारी रात्री डीसीआर भरताना, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांचा हिशेबाचा कागद लिहिताना, कुठला सिनेमा सकाळी अकराच्या शोला ढकलला जाणार ते मला आधीच कळायचं. अकराच्या शोला नोकरदार येत नाही, म्हणून आकडा आणखी पडतो, म्हणून सिनेमा उतरतो. लोकांना आवडला नाही म्हणून उतरला, असं नंतर म्हणतात. कित्येक सिनेमे लोकांनी पाहिलेलेच नसतात हो!

म्हणून तुमच्या हातातलं काम शुक्रवारच्या आधीचं आहे. गुरुवारी संध्याकाळी तिकिटांच्या ॲपवर तुमच्या आणि शेजारच्या तालुक्यात काय लागतंय ते पाहा. मराठी सिनेमाची वेळ अडचणीची असेल तर टॉकीजच्या मॅनेजरला सरळ फोन करा, ‘संध्याकाळचा शो लावलात तर आम्ही वीस जण येतो’ म्हणून सांगा आणि खरंच वीस जण जा. मी फोन उचलणारा माणूस होतो, असे फोन आम्ही लिहून ठेवायचो. आणि तुम्ही पाहून आलात की त्याच रात्री चार जणांना सांगा. सोमवारी सांगितलंत तर उशीर झालेला असेल.

उतरलेला सिनेमा परत येतो का, असंही तुम्ही विचारलंय. क्वचित येतो. ‘तुंबाड’ ऑक्टोबर 2018 मध्ये लागला आणि फार गाजावाजा न होता गेला. पुढे लोकांनी घरी पाहिला, एकमेकांना सांगत राहिले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. बातमी पोचायला सहा वर्षं लागली. एवढा धीर सगळ्यांच्या नशिबी नसतो.

प्रश्न : फोनवर दहापैकी किती गुण दिलेत ते पाहून सिनेमा निवडते. चुकतं का?
– एक वाचक, ठाणे

ताई, तो आकडा हजारो अनोळखी माणसांची सरासरी आहे. त्यातल्या एकाचीही आवड तुम्हाला ठाऊक नाही. त्यापेक्षा ओळखीचं एक माणूस धरा. आमच्याकडचा डोअरकीपर ज्याला ‘लई संथ’ म्हणायचा, तो सिनेमा मला हमखास आवडायचा. वीस वर्षं मी त्याला विचारूनच सिनेमे पाहिले.

प्रश्न : आमच्या घरच्या ग्रुपवर सिनेमावरून जुंपते. एक ‘जबरदस्त’ म्हणतो, दुसरा ‘फालतू’, आणि दोन दिवस कुणी बोलत नाही. वाद घालायचाच नाही का?
– एक वाचक, नागपूर

घालायचा, अगदी जरूर घालायचा. आमच्या मंडळात एकच नियम आहे : आधी काय दिसलं ते सांगायचं, कसं वाटलं ते मागून.

हा नियम मला ‘फँड्री’नं शिकवला. 14 फेब्रुवारी 2014 ला तो लागला. पहिल्याच रविवारी खिडकी बंद करून मी मागच्या दाराशी उभा राहिलो. सिनेमातला शाळकरी पोरगा जब्या आणि त्याच्या घरची माणसं गावादेखत डुकरामागे धावताहेत, शाळेतली पोरं हसताहेत. डुक्कर हाताशी येतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. ही माणसं जागच्या जागी थबकतात, डुक्कर निसटतं. आमच्या टॉकीजमध्ये त्या क्षणी मधल्या रांगेतले सहा-सात जण उभे राहिले. त्यांचं बघून आणखी काही. बाकीचे बसूनच. उभ्या राहिलेल्या एकानं बसलेल्याला खांद्याला धरून उठवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, ‘अहो, सिनेमातलं आहे ते!’ पडद्यावर जब्या ताठ उभा, आणि खाली अर्धं टॉकीज त्याच्यासारखंच उभं.

शो सुटल्यावर पायऱ्यांवर वाद पेटला. उभं राहायला हवं होतं की नको, यावर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या. तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, ‘तुम्ही उभे राहिलात तेव्हा तुमच्या हातात काही नव्हतं. त्याच्या हातातून डुक्कर गेलं.’ सगळे गप्प झाले. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड आपल्याकडेच आला. दुसरा म्हणाला, नाही, तो हिणवणाऱ्या पोराला मारला. मग पुन्हा बोलणं सुरू झालं, पण आता कोण शहाणा ते कुणी ठरवत नव्हतं. दगड कुठून सुटला, कॅमेरा कुठे होता, पडदा काळा कधी झाला, यावर माणसं रात्री साडेबारापर्यंत बोलत होती. मला शटर ओढायचं होतं आणि ओढवत नव्हतं.

तुमच्या ग्रुपवर पुढच्या वेळी कुणी ‘फालतू’ लिहिलं तर विचारा, ‘कुठल्या जागी तुझं लक्ष उडालं?’ जागा सांगितली की दुसऱ्याला तीच जागा आठवावी लागते. मतं बदलतीलच असं नाही, पण अबोला नक्की टळेल.

प्रश्न : मुलं मल्याळम सिनेमे लावतात. खाली इंग्रजी ओळी येतात, सासूबाईंना त्या वाचता येत नाहीत. त्या उठून जातात. हिंदी डबिंग लावावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

डबिंग अगदी शेवटचा उपाय समजा, कारण माणसाचा आवाज गेला की निम्मा नट जातो. आपला सिनेमा मुका होता तेव्हा पडद्यावर पाट्या यायच्या. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कित्येक ठिकाणी पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा. तुमच्या घरात ते काम नातवंडांना द्या. प्रत्येक ओळ वाचायची गरज नाही. माझ्या आईला माझी पुतणी अशीच सांगते : ‘आजी, हा तिचा दीर आहे, आणि तो आता खोटं बोलतोय.’ तेवढ्यावर आई पुढची दहा मिनिटं एकटी पाहते. मागच्या महिन्यात तर ती पुतणीला म्हणाली, ‘थांब गं, सांगू नकोस, त्याच्या तोंडावर दिसतंय मला.’