घरच्या ट्रेमधे स्वीट कॉर्न उगवत नाही? औषध आणायच्या आधी हे वाचा

प्रश्न: जानेवारीत ओसरीत प्रो-ट्रेमधे (खळग्यांचा रोपांचा ट्रे) स्वीट कॉर्न टाकला. आठ दिवस झाले, निम्मंही उगवलं नाही. कृषी केंद्रवाले ह्युमिक टॉनिक, बुरशीनाशक अन् 19:19:19 खत (पाण्यात विरघळणारं) एकत्र करून ओता म्हणून राह्यले. काय करू?

उत्तर: भाऊ, काहीच ओतू नका. न उगवलेलं दोन-चार बी उकरा अन् नखानं दाबून पहा. टणक असलं, खालून पांढरा मोड दिसला तर थंडीनं मागं पडलं आहे, थांबा. पचकन फुटलं अन् वास आला तर सडलं, त्याला कोणतीच बाटली उठवत नाही, कोकोपीट (ट्रेमधला नारळाच्या काथ्याचा भुसा) बदलून नवीन बी टाका.

स्वीट कॉर्नचं बी साध्या मक्यासारखं भरलेलं नसतं, सुरकुतलेलं असतं, आत स्टार्च कमी, त्यामुळं गार ओलीत लवकर सडते. 18 अंशाच्या वर ऊब पाहिजे, 21 च्या पुढं असली तर उत्तम, अन् आपल्याकडं जानेवारीत रात्री पारा 10 च्या आसपास येतो, म्हणून ट्रे संध्याकाळी घरात घ्या, दिवसा उन्हात ठेवा. हरभऱ्यासारखं रात्रभर भिजत घालू नका, हे बी एकदम पाणी पिलं की आतून फाटते. बी एक इंच खोल, एका खळग्यात एकच. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको.

आता दुकानदाराचं. बी वर येईपर्यंत खत नाही म्हणजे नाही. मोडाजवळ खत पडलं की कोवळं मूळ करपते, मग त्याच करपलेल्या रोपासाठी तुम्हाला टॉनिक विकतात, हे मी कितीतरी वावरात पाह्यलं आहे. रंगीत बी म्हणजे प्रक्रिया केलेलं, त्याला परत औषध चोळायचं नाही. दुसरं पान उघडल्यावर 19:19:19 लिटरला 2 ग्रॅम, एकदाच. "जास्त टाका, लवकर वाढते" असं कोणी म्हटलं तरी 2 ग्रॅमच!

रोप 10 ते 14 दिवसांत, दोन-तीन पानांवर वावरात गेलंच पाहिजे. पंचवीस दिवसांचं रोप लावू नका, मूळ ट्रेत गुंडाळते अन् कणीस बारीक राहते. काळ्या जमिनीत सरी-वरंब्यावर, 60 बाय 20 सेंमी. धुऱ्यानं (बांधाच्या कडेनं) एकच लांब ओळ लावू नका, चार-पाच ओळी शेजारी लावा, परागकण वाऱ्यानं जातात, एका ओळीत दाणे अर्धवट भरतात. बाजूला साधा मका असला तर पेरणीत तीन आठवड्यांचा फरक ठेवा, नाहीतर गोडी जाते.

लष्करी अळीसाठी ट्रेवर फवारणी करू नका. वावरात पानावर पांढरे चट्टे दिसले की 5 टक्के निंबोळी अर्क, पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) अळीची ओली विष्ठा दिसली तरच इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 10 लिटरला 4 ग्रॅम, पोंग्यातच. दोन औषधं मिसळून नाही, डबल डोस नाही.

बियाण्याचं पक्कं बिल अन् पिशवीवरचं लेबल सांभाळून ठेवा, उगवणीची तक्रार त्याशिवाय घेता येत नाही.